लाल बिल्ला

"दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. त्याला घरी जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असलं तरी नाही," रखवालदाराने पहिल्याच रविवारी बजावलं होतं.

तिने मान डोलावली आणि सोडून दिलं. घरी सासूबाई दिवसभर काही ना काही बजावतच असत. बाळाला खिडकीशी नेऊ नको, न्हाऊ घातल्यावर पंखा लावू नको. सगळंच मनाला लावून घ्यायचं तर जगायचं कसं?

राष्ट्रीय उद्यानात हौशी माणसांना थेट कामाला घेत नसत, संस्थेमार्फत यावं लागे. एक संस्था झाडांची, एक पाखरांची. ती झाडांच्या संस्थेतून दर रविवारी घाणेरीची माजलेली झुडपं उपटायला येई. दाराशी फळीवर प्रत्येकाचा पत्र्याचा बिल्ला टांगलेला असे. आत जाताना लाल बाजू पुढे करायची, बाहेर पडताना पांढरी. संध्याकाळी फळीवर लाल उरलं, की शोध सुरू.

"आणि पांढरं असेल तर?" तिने विचारलं होतं.

"तर माणूस बाहेर. मग आम्ही रस्ते पालथे घालतो, दवाखाने पालथे घालतो. आत बघत नाही. एकाचं तसंच झालं होतं."

पण मावशीसारखं माणूस भेटल्यावर नियम कसला पाळणार? मावशी तिच्याच तुकडीतली, निवृत्त नर्स. गुडघे कुरकुरत, जीभ मात्र धडधाकट. दाराच्या पायरीवर चपला काढून गमबूट चढवायची आणि परत जाताना बिल्ला उलटायला हमखास विसरायची. पायरीवर मावशीच्या जांभळ्या पट्ट्यांच्या चपला दिसल्या नाहीत की ती ओळखायची, मावशी गेली. मग रखवालदाराची पाठ वळली की मावशीचा बिल्ला हळूच पांढरा करायची.

"तू आहेस म्हणून माझी अब्रू राहते गं," मावशी म्हणे. "कधीतरी फेडीन हो."

त्या रविवारी बाळाला ताप होता. नवरा फिरतीवर. "जा, जा," सासूबाई म्हणाल्या. "पोर काय, आहेच घरी. जंगल तेवढं वाट बघतंय तुझी." ती आली खरी, पण हात कामात नव्हता.

"मुळं मातीतच राहतायत तुझी," दुपारी मावशीने टोकलं. "काय झालंय?"

तिने सांगितलं.

"अगं, मग इथे काय करतेस? नीघ आधी! ओल्या पट्ट्या ठेव कपाळावर. आणि पाणी पाजत राहा."

"एवढं झुडूप संपवते की निघालेच."

मावशी ओढ्याच्या अंगाला गेली. एक झुडूप संपलं, मागे दुसरं दिसलं. ती निघाली तेव्हा उन्हं उतरली होती. दाराशी कुणी नव्हतं. रखवालदार संध्याकाळच्या फेरीला गेला होता. तिने स्वतःचा बिल्ला उलटला. पायरीवर जांभळे पट्टे दिसत नव्हते. तिने मावशीचाही उलटला.

बसथांब्यावर तिने घरी फोन लावला.

"ताप उतरलाय," सासूबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता. "आत्ताच डोळा लागलाय. उठली की आई आई करील. ये लवकर."

फोन ठेवताना तिची नजर खाली गेली. शेजारी पाखरांच्या संस्थेतली एक मुलगी उभी होती. तिच्या पायात जांभळ्या पट्ट्यांच्या चपला.

"या तुझ्या आहेत?"

मुलीने खाली पाहिलं. "अय्या, नाही की! बोलण्याच्या नादात कुणाच्या घातल्या मी?"

बस आली. मुलगी जीभ चावत चढली. ती चढली नाही. तिने मावशीला फोन लावला. लागेना. उद्यानात रेंज नसते.

ती धावतच परत आली. रखवालदार अजून फेरीवरच होता. तिने मावशीचा बिल्ला लाल केला. मग स्वतःचाही केला. या वेळी चूक नको. उजेड जायच्या आत मावशीला गाठायचं, म्हणून ती आत शिरली.

ओढ्यावरच्या मोरीशी माती निसटली. ती खाली आली तेव्हा पाय भलताच वळला होता. उठवेना. तिने मावशीला हाका मारल्या, रखवालदाराला मारल्या. पाण्याच्या आवाजापुढे त्या तिच्या तिलाच ऐकू येत नव्हत्या.

ती रडली नाही. दार लावण्याआधी तो फळी बघणारच. दोन लाल बिल्ले. येतील, कंदील घेऊन येतील. तिने दरडीला पाठ टेकली. बाळ उठलं असेल का? दूध कोमट करून द्यायला सासूबाईंना आठवेल ना? आणि मावशी नीट असू दे, बाकी काही नको.

मावशी पलीकडच्या पायवाटेने, गमबूट घासत दाराशी पोचली.

"माझ्या चपलांवर कुणाचा डोळा होता देव जाणे," ती पायरीवर पुटपुटली. मग फळीकडे वळली आणि आपला बिल्ला स्वतःच्या हाताने पांढरा करून स्वतःवरच खूश झाली. शेजारी अजून एक लाल होता. मावशीने चष्मा सावरून बघितलं आणि तिला हसू आलं. पोरीच्या काळजीत दुपारी धावत गेलेली बाई, तिला कुठला बिल्ला आठवायला? तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तोही उलटला.

रखवालदार फेरीवरून आला. फळीवर त्याने टॉर्च फिरवला. सगळं पांढरं.

"आज तुमचा बिल्ला तुम्ही उलटलात?"

"मग! एवढीही म्हातारी नाही झाले."

त्याने दार ओढून कुलूप घातलं. मावशी गमबुटांतच रस्त्याला लागली, मग मागे वळली.

"अहो, आमच्या त्या लेकुरवाळीची पोर तापलीय," ती म्हणाली. "सकाळी एक फोन करून तिची चौकशी करा हं."