तुफूलची कपार

हदबीन गावाच्या समुद्रात खडकाला चिकटणारे सफैलह शिंपले आता फार कमी उरले होते, म्हणून ते काढायची मुभा वर्षातून दहाच दिवस मिळे. मुझना उजाडल्यापासून बुड्या मारी, बोटं सोलवटून घेई, आणि तिच्या जाळीत चार-पाच बारके शिंपले येत. तिची धाकटी बहीण तुफूल रोज दोनच आणी, पण दोन्ही तळहाताएवढे. "बापाची लाडकी ना," बायका म्हणत, "मरण्याआधी त्याने आपली शिंपल्यांची कपार तिलाच दाखवली." ते ऐकलं की मुझना जाळी आपटून घरी निघे.

यंदा एके दिवशी ती गुपचूप तुफूलच्या मागे पोहत गेली आणि कड्याआडची कपार हेरून आली. दुसऱ्या दिवशी तुफूलच्या आधीच जाऊन तिने सुरीने तिथला एकूण एक शिंपला उचकटला. भरलेली जाळी तिने बहिणीच्या दारात उपडी केली.

"बघ. मीही त्याच बापाची लेक आहे."

तुफूल त्या ढिगापाशी खाली बसली. "एकही ठेवला नाहीस, ताई?"

"कोणासाठी ठेवू? तुझ्यासाठी?"

"बाबा म्हणाले होते, मुझनाचा हात थांबत नाही, तिला कळू देऊ नकोस. मला काही ते पटलं नाही." तुफूलने एक शिंपला उचलला. त्यातला जीव अजून हलत होता. "काल तू मागे आहेस ते मला दिसत होतं. तुझी वाट चुकू नये म्हणून मी हळू पोहत होते."