चौथ्या गाण्यातली शिलाई

लेकीच्या खोलीचं दार केव्हाचं बंद होतं. आई शिवणाच्या मशीनपाशी बसली होती खरी, पण पाय पायडलवर नुसताच ठेवलेला.

लेकीचा अल्बम आज सकाळी नेटवर चढला होता. सगळी कॉम्प्युटरवर रचलेली गाणी, आवाज तेवढा तिचा. घरात नियम एकच: दाराच्या कडीला लाल चिंधी दिसली की ती गाते आहे, मशीन बंद. वर्षभरात आईने तो एकदाच मोडला. गिऱ्हाईक पँट घेऊन दारात उभं, "एवढी उंची तेवढी कमी करा, काकू." म्हटलं, चार टाक्यांनी काय होतंय? लेक तणतणत बाहेर आली होती आणि तिने ते गाणं पुन्हा गायलं होतं. विषय मिटला होता.

आज ऐकताना चौथं गाणं लागलं. खडखड खडखड. तिचंच मशीन! घाईघाईत लेकीने पक्क्या गाण्याच्या जागी त्या दिवशीचं कच्चंच चढवलं होतं. "लोकांनी ऐकलंसुद्धा," एवढंच बोलून ती आत गेली, ती गेलीच. पोरीच्या मेहनतीची माती केली ती आपणच, हे आईच्या मनातून जाईना.

दार उघडलं. लेकीने फोन पुढे केला. "लोक लिहायला लागलेत. माझ्याने वाचवत नाही. तू वाच."

आईने चष्मा लावला. "'आवाज गोड आहे, पण पहिल्या दोन गाण्यांत झोप आली.' झोपू दे मेल्याला. 'चौथ्या गाण्यातला तो ताल...'" आईने फोन पटकन उलटा धरला.

"वाच ना!"

"'...डोक्यातून जातच नाही. कुठलं वाद्य आहे हे?' खाली कुणीतरी म्हणतंय, वाद्य कसलं, आगगाडी आहे. आणि हा बघ: 'सगळ्यात जिवंत गाणं हेच.'"

"खरंच?"

"अगं, पुढे ऐक. 'मध्येच ताल तुटतो आणि तिचा आवाज एकटा उरतो. काय धाडस! अंगावर काटा आला.'" आईने फोन खाली ठेवला. "धाडस कसलं डोंबलाचं? दोरा तुटला होता."

लेकीला हसू फुटलं. हसता हसता ती भिंतीला टेकून खालीच बसली. आईला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

"म्हणजे ते बदलायचं नाही ना आता?" आईने विचारलं.

"हातसुद्धा लावायचा नाही त्याला."

लेक आत गेली. आईने राहिलेला फ्रॉक सुईखाली सरकवला आणि पायडल मारायला घेतलं. तेवढ्यात दार किलकिलं झालं, एक हात बाहेर आला आणि कडीला लाल चिंधी बांधून गेला. सवयीने आईचा पाय थांबला.

"आई," आतून हाक आली, "मशीन का थांबवलंस?"