गादीची खालची बाजू

"पाणी नको, ताई! पाण्याने सगळा घोटाळा होईल," सोफावाला दारातूनच ओरडला. सुनेने हातातला पाण्याचा मग तसाच हवेत धरला.

सोफ्याच्या मधल्या गादीवर चहा सांडला होता. सासूबाई दात दाखवायला गेल्या होत्या आणि आता कधीही परतणार होत्या. सोफ्यावर बसून चहा प्यायचा नाही, हे लग्न झाल्यापासून सुनेने शंभरदा ऐकलं होतं. आज घर रिकामं मिळालं आणि तिला दुर्बुद्धी सुचली. चहा सांडताच तिने सोफे साफ करणाऱ्याला फोन करून बोलावलं होतं.

"पाणी आत मुरलं की वाळताना डाग पुन्हा वर येतो," सोफावाला म्हणाला. त्याने बादलीत साबण घुसळला, खालचं पाणी तसंच ठेवलं आणि वरचा फेस तेवढा ब्रशवर घेतला. हलक्या हाताने फिरवून फडक्याने टिपला. फडकं तपकिरी झालं, गादी जेमतेम ओलसर. सुनेचा जीव भांड्यात पडला.

चहा आरपार तर गेला नाही ना, हे बघायला त्याने गादी उलटली.

खाली ताटाएवढा काळा डाग होता. चांगला जुना.

"हा पण तुमचा?"

"नाही हो!"

"कलप आहे. वाटीच्या वाटी लवंडलेली दिसते."

सून बघतच राहिली. नवऱ्याचे केस अजून काळे होते, सासऱ्यांना टक्कल होतं. आणि आपल्या बायकोचा एक केस पांढरा नाही, हे सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

तेवढ्यात सासूबाई आल्या. एकट्याच, सासरे खाली गाडी लावत होते. सासूबाईंच्या एका गालात कापूस होता.

"आई, माझ्याकडून चहा सांडला," सुनेने एका दमात सांगून टाकलं.

सासूबाईंना ते ऐकूच गेलं नाही. त्या उलट्या गादीकडे बघत होत्या. चेहरा पार उतरला होता.

सून उठली आणि तिने दाराला आतून कडी घातली.

"हा जाईल का हो?" सासूबाईंनी कापूस सावरत हळूच विचारलं.

"फिका होईल. पुरता जाणार नाही."

"फिका तर फिका. करा."

काम लवकर उरकावं म्हणून सोफावाल्याने दोघींच्या हातात एकेक फडकं दिलं. दोघी जमिनीवर बसून काळा फेस टिपू लागल्या. सुनेला हसू आवरेना. सासूबाईंनी डोळे वटारले, पण मग त्यांनाच असं हसू फुटलं की गालावर हात धरावा लागला. इतक्या दिवसांत सुनेला या घरात पहिल्यांदाच मोकळं वाटलं.

दारावर थाप पडली. "अगं, कडी कशाला लावलीस? उघड की!"

सून उठायला लागली. सासूबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"थांबा जरा!" त्या दाराकडे बघून ओरडल्या. "आम्ही दोघी कामात आहोत."