दोन मापांच्या पुंगळ्या

डेल्मरच्या बोटांतून पुंगळी पुन्हा निसटली आणि टणटणत बाकाखाली गेली.

"राहू दे, मी उचलते," आर्डिथ म्हणाली.

"तूच उचल. या हाताचं काही खरं नाही." डाव्या हाताने उजवा चोळत तो बसून राहिला.

गॅरेजातल्या बाकावर पॉइंट पंचेचाळीसच्या पिस्तुलातून झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची बादली होती. दिसायला सगळ्या सारख्या. पण बुडाशी जिथे ठिणगी पाडणारा टिकलीएवढा प्रायमर बसतो, ती खाच काहींची मोठी, काहींची लहान. काडतुसं भरायचं यंत्र मोठ्या मापाला लावलं असताना लहान खाचेची एक जरी आत गेली, तरी दांडा अडकतो आणि प्रायमर चेमटतो. नशीब वाईट असेल तर तिथेच उडतो. म्हणून एकेक उलटी करून बघायची आणि वेगवेगळ्या डब्यांत टाकायची. डाळीतले खडे निवडण्यासारखंच काम.

जानेवारीत डेल्मरच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि उजवा हात लुळा पडला. दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या जोलीनने त्याला मळायला रबरी गोळा दिला, ओवायला मणी दिले. रेल्वेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने गोळा कुत्र्यापुढे टाकला. मी काय बालवाडीत आहे का, म्हणाला.

तेव्हा आर्डिथला युक्ती सुचली. गावाबाहेरच्या पिस्तूल क्लबची चिटणीस इव्हा तिची शाळेपासूनची मैत्रीण. आर्डिथ क्लबच्या मैदानावर गेली, वाकून वाकून पुंगळ्या वेचल्या आणि घरी येऊन ठोकून दिलं, की क्लबला बायकांच्या वर्गासाठी काडतुसं भरून हवी आहेत आणि डेल्मरशिवाय हे दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायचं नाही. तो कुरकुरला, पण बसला. मग दर मंगळवारी बादली येऊ लागली. एखाद्या वेळी मैदानावर सगळ्या मोठ्याच मापाच्या मिळाल्या, तर आर्डिथ घरच्या डब्यातल्या दोन मुठी लहान गुपचूप त्यात मिसळायची.

"हा कोण गाढव आहे, दोन्ही एकत्र टाकणारा?" डेल्मर विचारायचा.

"असतात लोक," ती म्हणायची.

मैदानावर जायचं म्हणजे गाडी चालवणं आलं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांचा मुलगा लेलँड हमरस्त्यावरच्या पुलाजवळ गाडीसकट बर्फावरून घसरला आणि गेला. एकुलता एक. त्यानंतर आर्डिथने चावी हातात घेतली नव्हती. चर्च सुटलं, इव्हाचे फोन घेणं सुटलं, स्वयंपाकघराचे पडदे दिवसादेखील उघडेनात. आता मात्र इलाज नव्हता, डेल्मरचा हात स्टिअरिंगवर ठरत नव्हता. पहिल्या मंगळवारी ती मैदानापर्यंतचा चार मैलांचा कच्चा रस्ता बैलगाडीच्या वेगाने गेली आणि तिथे पोचल्यावर दहा मिनिटं गाडीतच बसून राहिली. दवाखान्यात डेल्मरला इव्हाचा नवरा न्यायचा, कारण ती वाट पुलावरून जात होती.

यंत्राचा दांडा ओढायला उजवा हात लागतो, म्हणून तेही काम तिच्याकडे आलं. मे महिन्यात एक लहान खाचेची पुंगळी डेल्मरच्या नजरेतून सुटली, दांडा अडकला आणि प्रायमर फाट्कन उडाला. डोळ्यांवर चष्मे होते, इजा झाली नाही. दोघं मात्र एकदमच स्टुलावरून उडाली. आर्डिथला हसू फुटलं ते थांबेचना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डेल्मर हसला नाही. तिच्याकडे नुसता बघत राहिला.

भरलेली काडतुसं संपवायला कुणीतरी हवंच, म्हणून इव्हाने तिच्या हातात पिस्तूल दिलं. जूनमधल्या बायकांच्या स्पर्धेत चौदा जणींत तिचा अकरावा नंबर आला. डेल्मरने तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटला.

पण हात काही सुधारेना. सप्टेंबर उजाडला, शेतांतला गहू निघून गेला, आणि डेल्मर दर दहा पुंगळ्यांमागे एक पाडतच होता. आर्डिथच्या मनात किडा शिरला. आपल्या या खोटेपणापायी खरे व्यायाम राहून तर गेले नाहीत? आपणच त्याचं नुकसान केलं की काय?

मंगळवारी सकाळी तिने बादली गाडीत ठेवली, मैदानावर जाते म्हणून सांगितलं, आणि फाट्यावर डावीकडे न वळता सरळ हमरस्त्याला लागली. पूल आला तेव्हा तिने काच खाली केली आणि लेलँडला हाक मारली, एकदाच. मग ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला. पुढचे चाळीस मैल ती कशी गेली, तिचं तिलाच कळलं नाही.

दवाखान्यातली जोलीन पंचविशीची होती, चेहऱ्याने हसरी. आर्डिथने तिला सगळं सांगून टाकलं. क्लबचं खोटं, मिसळलेल्या पुंगळ्या, सगळं. "चूक माझी आहे, त्याला रागावू नका," ती म्हणाली. "फक्त एवढं सांगा, की तो हात आता कधीच बरा व्हायचा नाही का?"

जोलीनने फाइल उघडली, एका पानावर बोट ठेवलं आणि वर बघितलं.

"तुम्ही एकट्याच आलात? स्वतः गाडी चालवत?"

"हो."

"मग आता सांगायला हरकत नाही. त्यांचा हात एप्रिलमध्येच बरा झाला. त्या दिवशी इथेच बसून त्यांनी मला विचारलं होतं, 'आमची आर्डी पुन्हा गाडी चालवायला लागलीय. ती एकटी इथवर येईपर्यंत मी आजारीच राहिलो तर चालेल का?'"