सोमवारचं इंजेक्शन

म्हशीनं शेपटी वर केली की सरजाबाईचा जीव खालीवर व्हायचा. आज चौथा दिवस. म्हशीच्या मागच्या अंगाला रक्ताचा ओघळ तर नाही ना, एवढंच बघत ती गोठ्यात बसून होती.

राणीसावरगावात तिच्या या म्हशीचं नाव निघालं की लोक हसत. दोन वर्षं भाकड. तीन महिन्यांपूर्वी रेड्याकडं नेऊन आणली, तर रविवारी पुन्हा माजावर आल्यासारखी ओरडायला लागली. हीही खेप वाया गेली असं धरून सरजाबाईनं सोमवारी माज नीट यावा म्हणून इंजेक्शन द्यायला आश्रुबाला बोलावलं. हा गावोगाव फिरून जनावरांना इंजेक्शनं द्यायचा. त्याला गंगाखेडला जायची घाई, त्यानं आत हात घालून तपासलंच नाही.

शेपटी धरायला सरजाबाईनं सुनेला हाक मारली. एरवी अपेक्षाला ती पंधरा दिवसांपासून कामाला हात लावू देत नव्हती. सुनेच्या कमरेत लचक भरलीय, असं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. पण शेपटी धरायला असा कितीसा जोर लागतो?

सुई टोचताच म्हैस उसळली. आश्रुबा भिंतीवर आदळला आणि सुई अपेक्षाच्या तळव्यात घुसून निघाली. त्यानं नळी बघितली, ती रिकामी. काम झालं म्हणाला आणि गेला. अपेक्षानं ओला हात पदराला पुसला.

संध्याकाळी सरजाबाईनं जनावरांच्या डॉक्टर शुभदाबाईंना फोन केला. कुठलं इंजेक्शन दिलं ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, गाभण म्हैससुद्धा कधीकधी माज दाखवते. गर्भ धरून ठेवणारं संप्रेरक पोटातल्या एका गाठीतून येतं आणि हे औषध ती गाठच विरघळवतं. म्हैस गाभण असली तर दोन-चार दिवसांत गाभडेल. त्या रजेवर होत्या, गुरुवारी येते म्हणाल्या.

तेव्हापासून सरजाबाईला घास गोड लागत नव्हता. आपल्याच हातानं आपण पोटातला जीव मारला, हे काही डोक्यातून जाईना. मंगळवारपासून अपेक्षाही आत पडून होती, धड जेवत नव्हती. आपलं दुःख बघून तिच्याही घशाखाली उतरत नसेल, असं सरजाबाईला वाटलं.

गुरुवारी शुभदाबाईंनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवून म्हैस तपासली.

"खरं सांगा बाई, जीव हाय ना आत?"

"तीन महिन्यांची गाभण आहे. रेडकू जागेवर आहे."

सरजाबाई शेणातच खाली बसली आणि रडली. म्हशीच्या पायांना तिनं हात लावला.

शुभदाबाईंना मात्र कोडं पडलं होतं. नळी रिकामी झाली आणि औषध म्हशीत गेलं नाही, मग गेलं कुठं? सरजाबाईनं सगळं सांगितलं. सुई, तळवा, ओला हात. ऐकताऐकता शुभदाबाईंचा हातमोजा अर्ध्यावरच राहिला.

"ते कातडीतूनसुद्धा आत जातं. गरोदर बाईनं त्या बाटलीला हातही लावायचा नसतो. तुमची सून..."

सरजाबाईनं आतल्या खोलीकडं बघितलं. सात वर्षांनी सुनेला दिवस गेले होते आणि तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिनंच ठरवलं होतं.

आतून हाक आली, "आत्याबाई, जरा इकडं येता का? अंगावरून लय रक्त जायलंय."