गिरणेची वाळू

मयुरीनं शालूचा पदर कमरेला खोचला आणि कोपरापर्यंत हात फिश टँकमध्ये घातला.

लग्न दुपारी लागलं होतं. दारात झेंडूच्या माळा लावलेली गाडी उभी होती, आणि नवरी इकडे पाण्यातलं गवत वाळूत रोवत बसली होती!

"काय करी ऱ्हायनी व माय?" शेवंता फुई कडाडली. फुई म्हणजे मयुरीच्या वडिलांची थोरली बहीण, धुळ्याहून आलेली. तिचा आवाज असा, की घरात तिला काही सांगायच्या भानगडीत कुणी पडतच नसे. "हाई मासा सोडानी वेळ शे का? बठ्ठा लोक वाट दखी ऱ्हायनात."

"बघू देत वाट. मुळं उघडी पडलीत. आत्ता दाबली नाहीत तर सगळं गवत वर तरंगेल."

महिनाभर टँकमध्ये नुसतं पाणी आणि गवत होतं. पाणी मुरल्याशिवाय मासे जगत नाहीत, असं मयुरी सांगायची आणि अख्खं असोदा गाव हसायचं. हसेनात का बापडे! तळाची वाळू गिरणा नदीची. ती भडगावहून योगराजनं, तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं, स्वतः धुऊन आणली होती.

"सासरनी वाळू माहेरले कोणी आनस का?" फुईला तेही खुपलं होतं.

मयुरी गवत दाबत राहिली. समोर खुर्चीत कौतिकआबा बसले होते. बायको गेल्यापासून ते बोलत ते फक्त या लेकीशी. फुईनं भावाकडे पाहिलं आणि तिचा आवाज फाटला.

"तू गई का कोण खाणं टाकी त्यास्ले? तुना बापले चहा करता येस नही. मासा मरतीन, अन् तो बी..." महिनाभर तिला हाच घोर लागला होता.

"काही मरत नाहीत मासे. आणि आबाही उपाशी राहणार नाहीत. मी ठरवलंय, फुई. तू मध्ये पडू नको."

"तोंड दख पोरनं!"

तेवढ्यात योगराज गप्पी माशांची पिशवी घेऊन आत आला. फेटा सावरत त्यानं ती तशीच, तोंड न सोडता, पाण्यावर ठेवली. "तरंगू दे थोडा वेळ. नवं पाणी एकदम झेपत नाही."

"तुला बरं माहीत!" मयुरी म्हणाली. तो कसनुसा हसला.

थोड्या वेळानं तिनं पिशवीचं तोंड सोडलं. मासे आधी घाबरून गवतात शिरले, मग एकेक बाहेर आले. आबांनी काचेला बोट लावलं. फुईनं डोळे पुसले आणि दाराशी ठेवलेल्या फुगलेल्या बॅगेकडे हात केला. "बॅग तं गाडीमा ठेवा!"

"राहू दे तिथंच," आबा म्हणाले.

सगळे बाहेर आले. फुईनं मयुरीला मिठी मारली आणि मोठ्यानं गळा काढला. मयुरी तिची पाठ थोपटत राहिली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. केवढी निगरगट्ट पोर, असं फुईच्या मनात आलं.

गाडीचं दार धाडकन लागलं. फुईनं दचकून पाहिलं. मयुरी अजून तिच्या मिठीतच होती.

गाडीत योगराजची आई हमसाहमशी रडत होती. खिडकीतून हात काढून, ओट्यावर बॅग उचलून उभ्या असलेल्या लेकाला ती म्हणाली, "सासरले नीट ऱ्हाय रे, बेटा!"