स्वस्तातली तात

“डोळे मिट. आता सांग, यातली महागातली कुठली?”

रॅकेटना तात विणून देणाऱ्या गटिंगवाल्याने लेकीच्या हातात आधी एक रॅकेट दिली, मग दुसरी. दोन्ही एकाच मापाच्या, एकाच वजनाच्या. एकीच्या मुठीला लाल दोरा, दुसरीच्या मुठीला पांढरा. कुठल्या रॅकेटला कुठली तात विणली आहे, ते त्याने चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी डिंकाच्या बाटलीखाली सरकवली होती.

क्लबच्या कोचबाई भिंतीला टेकून बघत होत्या. आतल्या दाराशी कुणाचा तरी कोट हातात घेऊन गटिंगवाल्याची बायको उभी होती. ती घरी शिवणकाम करायची. सकाळपासून तिने एकच टाका तीनदा उसवला होता.

लेकीने दोन्ही जाळ्या बोटाने टिचकावून कानाशी नेल्या. मग अंगणात जाऊन भिंतीवर वीस-वीस फटके मारून आली.

“लाल. नाही, पांढरी. जाऊ दे बाबा, मला नाही सांगता येत.”

“आणि कोपर?” कोचबाईंनी विचारलं.

“अजिबात दुखत नाही. दोन्हींनी.”

कसं दुखेल, बायको मनात म्हणाली. दोन्ही महागातल्याच आहेत!

आठ महिन्यांपूर्वी लेकीचं कोपर असं धरलं, की तिला दाराची कडीसुद्धा काढता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, मऊ तात लावा, महागातली, नाहीतर खेळ विसरा. पण गटिंगवाल्याचं म्हणणं अख्ख्या क्लबला पाठ होतं. “आतडं ते आतडंच. जनावराला काय ठाऊक, आपण महागाच्या पाकिटात जाणार म्हणून!” वीस वर्षं तो हेच सांगत आला होता. डॉक्टरांसमोरही त्याने तेच ऐकवलं.

बायकोने वाद घातला नाही. नवऱ्याचा ताठा तिला नवा नव्हता. तिने शिवणाच्या कमाईतून महागातली तात आणली. लेकीसाठी आणलेलं स्वस्तातलं पाकीट फळीवर दिसलं, की ती ते इस्त्रीच्या वाफेवर धरायची, आतली गुंडाळी बदलायची आणि पाकीट पुन्हा दाबून बंद करायची.

पहिल्या खेपेला तर वाफ लागते न लागते तोच पाकीट उघडलं होतं. माल स्वस्तातला, डिंकही स्वस्तातला, असं म्हणून तिने नाक मुरडलं होतं. काढलेली आणि घालायची, दोन्ही गुंडाळ्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर तिला काडीचा फरक दिसेना. पण तिला काय कळतंय त्यातलं! काढलेली तात टाकून द्यायला मात्र जीव होईना. मग ती स्वयंपाकघराच्या गॅलरीतल्या वेलांना आधाराला बांधली. गटिंगवाला तिकडे कधी फिरकत नसे. फुलांजवळ गेला, की त्याला शिंकांवर शिंका यायच्या.

कोपर बरं झालं. स्वस्तातली तात वापरून बरं झालं, अशी बातमी क्लबभर झाली, आणि आज कोचबाई स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायला आल्या होत्या.

त्यांनीच चिठ्ठी उघडली. “लाल स्वस्तातली, पांढरी महागातली. म्हणजे तुमचंच खरं, काका! उद्याच मागवते. अकराही पोरांच्या रॅकेटना स्वस्तातली लावू. तिघांची कोपरं आत्ताच कुरकुरायला लागलीत.”

आता नवऱ्याची छाती फुगणार, असं बायकोला वाटलं. त्याने नुसतं भिंग उचललं आणि लाल दोऱ्याच्या रॅकेटवर धरलं.

“घाई नको,” तो म्हणाला. “एका दिवसात काय कळतं? पोरांचे हात कोवळे असतात.”

“अहो, वीस वर्षं तुम्हीच सांगताय ना?”

“सांगतोय खरा.” त्याने डिंकाची बाटली इकडून उचलून तिकडे ठेवली.

बायकोच्या डोळ्यांसमोर बंद दारं आली, आणि कडी काढता न येणारी अकरा पोरं. तिने कोट खाली ठेवला.

“बाई, मागवू नका. लाल दोऱ्याच्या रॅकेटचं पाकीट स्वस्तातलं होतं, पण आतली तात महागातली होती. मी बदलली. आठ महिने बदलतेय.”

लेक आईकडे बघतच राहिली. बायकोने मान खाली घातली. आता हा घर डोक्यावर घेणार.

“प्रत्येक पाकिटातली?” गटिंगवाल्याने अगदी हळू विचारलं.

“प्रत्येक. चारचौघांत तुमचा शब्द खाली पडू नये, एवढंच मनात होतं. चुकलं माझं.”

“आणि काढलेली तात?”

“गॅलरीत आहे. वेलांना बांधलीय.”

तो भिंग घेऊन उठला आणि थेट गॅलरीत गेला. बाकीच्या तिघी मागोमाग. तो एकदा शिंकला, दोनदा शिंकला, तरी मागे हटला नाही. वाकून त्याने एक गाठ सोडवली. तात दोन्ही हातांत ताणून कानाशी टिचकावली, भिंगाखाली धरली. मग दुसऱ्या वेलाची सोडवली. मग तिसऱ्या.

सहावी सोडवल्यावर तो तिथेच कुंड्यांमध्ये बसला. नाक लालबुंद, डोळ्यांना धार. शिंकांनी की आणखी कशाने, ते बायकोला कळेना.

“अगं,” तो म्हणाला, “ह्या सगळ्या महागातल्याच आहेत. तुझ्या आधी मी बदलून ठेवत होतो.”